अंग ओलं असताना

खोबरेल तेलाची बाटली गोठली की थंडी आली, असं आमच्या घरात म्हणायचे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं, आणि मुंबईत तशा सकाळी थंडीच्या महिन्यांतच. गिरगावातल्या चाळीत आई ती बाटली गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची आणि तेल पातळ होईपर्यंत आम्ही भावंडं पाय पसरून बसायचो. नडगीवर नखाने रेघ ओढली की पांढरी उठायची. भावाने एकदा आपलं अख्खं नाव तिथे लिहिलं होतं, काना-मात्रेसकट. मग आई यायची, तेल तळव्यावर घ्यायची, आणि ते नाव पुसलं जायचं.

हे सगळं परत आठवलं ते गेल्या डिसेंबरात. आई आता ८३ वर्षांची आहे आणि माझ्याकडे बोरिवलीला असते. रात्री दीड-दोनच्या सुमाराला तिच्या खोलीतून आवाज यायला लागला. लाकडावर काहीतरी घासावं तसा, कोरडा. आठवडाभर मला वाटत होतं उंदीर आहे. एका रात्री दिवा लावला तर आई पलंगावर बसून फणीच्या पाठीने नडगी खाजवत होती. "झोप येना नाय गो," एवढंच म्हणाली. सकाळी चादर झटकली तेव्हा पिठासारखा पांढरा कोंडा उडाला. उजेडात पाय नीट पाहिले. आटलेल्या तळ्याचा गाळ तडकतो ना, तशी नडगीवरची कातडी चौकोन-चौकोन होऊन तडकली होती आणि तडांच्या कडा लाल झाल्या होत्या. एकाच घरात राहून मी ते पाय किती दिवसांत बघितले नव्हते, हे मला फार लागलं.

मुंबईच्या दमट हवेत अंग कसं कोरडं पडेल, असं मला दोन-तीन जणांनी विचारलं. मुंबईची हवा बारा महिने सारखी नसते. डिसेंबर-जानेवारीत सकाळचा वारा समुद्राकडून येत नाही, जमिनीकडून येतो, आणि तो कोरडा असतो. समुद्रवारा दुपारी उशिरा सुटला तर त्या दिवशी हवेतली आर्द्रता ३०-३५ टक्क्यांपर्यंतही उतरते. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर गेला होता. आई तेव्हा नवीन लग्न होऊन मुंबईत आलेली; चाळीत सगळ्यांचे ओठ उलले होते आणि एका घरातलं तूप दहा घरांत फिरलं होतं, ही गोष्ट ती अजून सांगते.

आणि आता तर थंडीची वाट बघायचीही गरज उरलेली नाही. फोर्टातल्या फुटपाथवरून चालताना वरून टपटप पाणी पडतं, ते एसीच्या नळीचं. ते पाणी आतल्या खोलीतल्या हवेतून ओढून काढलेलं असतं. त्या खोलीत मी बँकेची नोकरी २८ वर्षं केली. भर मे महिन्यात माझे ओठ फुटायचे आणि हाताच्या पाठीवर पांढरे फरकाटे उठायचे, त्याचं कारण त्या टपटपीत होतं हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर एसी लोकलही धावायला लागली. ज्यांचा प्रवास, ऑफिस आणि झोप तिन्ही एसीत होते त्यांनी आपल्या नडगीवर एकदा नख ओढून बघावं.

पण आईच्या पायांचं कारण एसी नव्हतं. तिला एसी चालतच नाही.

तडा बघून मी घाबरले आणि जो जे सांगेल ते करत सुटले. कुणी म्हणालं अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक घाला, घातलं. कुणी म्हणालं गरम पाण्याने खाज बसते, गीझर वाढवला. ग्लिसरीनमध्ये लिंबू पिळून लावायला एका जवळच्या बाईंनी सांगितलं, आणि तेही मी केलं. आईने ओठ घट्ट मिटून घेतले आणि पाय मागे ओढला. त्या तडांमध्ये लिंबू किती झोंबलं असेल! लिंबू घरातलं, नैसर्गिक, म्हणून मी बेधडक लावलं. लिंबाचा रस म्हणजे सरळ आम्ल आहे. फुटलेल्या कातडीला त्याने आग होते, आणि तो लावून उन्हात गेलं तर धडधाकट त्वचेवरही फोड आणि काळे डाग उठू शकतात. झाडावरून आलं म्हणून अंगाला मानवेलच, हा समज मी त्या दिवशी टाकून दिला.

मग महापालिकेच्या रुग्णालयात त्वचेच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाय पाहिला, आणि क्रीम लिहिण्याआधी आईला विचारलं, "आजी, अंघोळीचं पाणी कसं लागतं तुम्हाला?"

"कढत," आई अभिमानाने म्हणाली.

"आणि तेल कधी लावता?"

"अंग पुसून, कपडे घालून, देवपूजा झाल्यावर. निवांत."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. रक्तातली साखर, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहून दिल्या, कारण म्हातारपणी कोरडेपणा आणि खाज त्यातूनही येते. (आईच्या सगळ्या ठीक आल्या.) लाल कडांसाठी एक मलम दिलं, तेही दहाच दिवसांसाठी. आणि मग म्हणाल्या, "आजी, तेलाने अंगाला पाणी मिळत नाही. तेल नुसतं दार लावतं. अंग ओलं असताना लावलंत तर पाणी आत राहील. वाळल्यावर लावलंत तर रिकाम्या घराला कुलूप."

त्या वाक्याने माझ्या डोक्यातली सगळी उलथापालथ थांबली. पुढे मी वाचत गेले तसं ते जास्त पटत गेलं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे चपट्या, मेलेल्या पेशींच्या एकावर एक रचलेल्या विटा. विटांच्या मधे चुना भरावा तसा स्निग्ध पदार्थ असतो, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा. तो चुना आहे तोवर आतलं पाणी उडून जात नाही. कढत पाण्याने तो सैल होतो आणि साबणाने धुऊन निघतो. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (पीएच) ५ च्या आसपास. नेहमीच्या वडीच्या साबणाचा ९ ते १०. त्यात आमच्या इमारतीत पालिकेचं पाणी कमी पडलं की टँकर येतो. ते बोअरचं पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण लावतो, आणि पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा जो साका होतो तो अंगावरच बसतो. बादलीच्या कडेला दिसतो तो पांढुरका थर आईच्या पायांवरही असणार, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नडगीवर तैलग्रंथी मुळात कमी असतात, तळपायांवर तर नसतातच. वय झालं की आहेत त्याही थकतात.

घरी आल्यावर आईशी वाद झाला. तेल अंघोळीच्या आधीच लावायचं असतं, हे तिचं म्हणणं. अभ्यंग म्हणजे अंघोळीच्या आधीच. तिचंही खरं होतं. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने रोज अभ्यंग करायला सांगितलंय आणि डोकं, कान, पाय यांना विशेष तेल लावायला सांगितलंय. दिवाळीत आपण अजूनही तेल लावून, मग उटणं लावून अंघोळ करतो. मी बराच विचार केला, आणि मला वाटतं फरक साबणात आहे. माझी आजी अंगाला बेसन आणि साय लावायची. त्याने वरवरचं तेल निघायचं, थोडं अंगावर राहायचं, आणि तेवढंच पुरेसं होतं. आपण तेल लावून वर दोनदा साबण फिरवतो, मग राहतंय काय? तेल तेच आहे, धुणारं बदललं. आईला हे पटलं, कारण त्यात तिच्या सासूचा मान राहिला.

तेव्हापासूनचा आमचा क्रम सांगते, कारण मला तो कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. पाणी कोमट; माझ्या कोपराला जाणवेल इतपतच गरम. अंघोळ दहा मिनिटांच्या आत. साबण काखा, जांघा आणि पावलं इथेच, बाकी अंगाला नुसतं पाणी, आठवड्यातून दोनदा बेसन-साय. जुन्या मऊ पंचाने अंग टिपायचं, घासायचं नाही. आणि अंगावर ओल आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, न्हाणीघराबाहेर स्टुलावर बसवूनच तेल. दोन्ही पायांना मिळून चहाचा एक चमचा खोबरेल पुरतं. सुरुवातीला मी पाव वाटी ओतायचे आणि ते सगळं तिच्या परकराला लागायचं. तेल हळूहळू, लव ज्या बाजूला झुकते त्या बाजूने जिरवायचं. कोरड्या त्वचेवर खोबरेल आणि मिनरल ऑइल (खनिज तेलापासून शुद्ध केलेलं तेल) लावून फिलिपिन्समध्ये तुलना केली गेली, तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले आणि दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. हे वाचून मला खरंच बरं वाटलं. कठड्यावरची ती बाटली आठवली.

तिसऱ्या आठवड्यात कोंडा बंद झाला. त्वचेच्या वरच्या थराला नवं व्हायला साधारण महिना लागतो, तेव्हा चार दिवसांत फरक नाही म्हणून कुणी सोडून देऊ नये.

टाचा मात्र खोबरेलाला दाद देईनात. तिथे कोकमतेलच लागलं. भिरंडेल म्हणतात त्याला काही ठिकाणी. माझ्या मामेभावाची बायको, वहिनी, कुडाळजवळ असते. ती दरवर्षी हे घरी करते. रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोलं काढली की बिया वाळवायच्या, फोडून आतला गर वाटायचा, पाण्यात उकळायचा. वर जी साय तरंगते ती काढून गार करायची आणि हाताने वळायची. अंड्याएवढा, पिवळट पांढरा, मेणासारखा टणक गोळा होतो. मुंबईच्या मे महिन्यातही तो डब्यात तसाच्या तसा राहतो, कारण वितळायला ४० अंशांच्या आसपास ऊन लागतं. पण गरम पायावर जोर देऊन घासला की जिथे टेकतो तिथे मऊ होतो.

रात्री मी सुरीने गोळ्याचा नखाएवढा कपचा काढते, पळीत घेऊन गॅसवर धरते. क्षणात त्याचं पाणी होतं, फिकट, चहाच्या पहिल्या धारेसारखं. मनगटावर थेंब टाकून बघायचं, चटका बसता कामा नये. मग काडीला कापूस गुंडाळून ते भेगेत सोडायचं. पहिल्या रात्री मी जमिनीवर बसले आणि आईचा पाय मांडीवर घेतला तर ती ओढून घ्यायला लागली. "पाय नको गो लावूस," म्हणाली. लेकीच्या अंगाला आपला पाय लागणं तिला सहन होईना. मी सोडला नाही. टाचेच्या कडेला एक भेग होती, बोटाच्या पेराएवढी लांब, आत गुलाबी. थेंब तिच्यात उतरला आणि कडेपर्यंत भरून आला, पावसाचं पाणी शेताच्या भेगेत उतरतं तसा. दोन मिनिटांनी पांढरा होऊन तिथेच थिजला. आईने श्वास सोडला. मग दुसरी भेग.

त्या रात्री तिच्या घोट्यावर मला एक जुना डाग दिसला, रुपयाएवढा. विचारलं तर म्हणाली, स्टोव्ह भडकला होता, तू पोटात होतीस. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. आता रोज रात्री पाय चोळताना एखादी गोष्ट निघते. कधी काहीच निघत नाही, नुसता माझा अंगठा तिच्या तळव्यावर फिरत राहतो आणि ती डोळे मिटून असते.

एक सांभाळायला हवं, आणि ते कुणी सांगत नाही. दुसऱ्याच रात्री आई बाथरूमला उठली आणि तेलकट तळवा लादीवरून सटकला. पलंगाचा दांडा हाताला लागला म्हणून वाचलो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते मी शेजारी पाहिलंय. आता रात्रीचं तेल पलंगावर बसूनच लावायचं, अर्ध्या तासाने तळवे पंचाने कोरडे पुसायचे, पायाशी रबरी चपला आणि रात्रभर छोटा दिवा. मोज्यांनीही लादीवर पाय घसरतो, म्हणून ते आम्ही घालत नाही.

दादरला काष्ठौषधीच्या दुकानात शतधौत घृत मिळतं, पण मला ते एकदा स्वतः करून बघायचं होतं. शंभर वेळा धुतलेलं तूप. एका रविवारी दुपारी तांब्याच्या परातीत वाटीभर गाईचं तूप घेतलं, गार पाणी घातलं आणि तळव्याने गोल-गोल घोटायला बसले. पाणी ओतून टाकायचं, नवं घ्यायचं, पुन्हा घोटायचं. मोजायला आईने तांदळाचे शंभर दाणे वाटीत घेतले आणि दर पाण्याला एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकत बसली. पंचविशीपर्यंत काही होईल असं वाटेना. चाळिसाव्याच्या सुमाराला तुपाचा पिवळा रंग गेला आणि ते तळव्याला चिकटेनासं झालं. सत्तरीनंतर वासही गेला. शेवटी परातीत पांढरंशुभ्र, घुसळलेल्या लोण्याहून हलकं काहीतरी उरलं. घोटता घोटता पाणी आणि हवा तुपात बसतात, म्हणून ते अंगाला चिकट न लागता गार लागतं. ओठांना आणि कोपरांना ते फार छान. मनगट दोन दिवस दुखलं, पण त्या दुपारी आई दाणे टाकताना गुणगुणत होती.

बाकीचं थोडक्यात. कोरफड खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे. पान कापल्यावर काही वेळ उभं ठेवून पिवळा चीक वाहू द्यायचा, त्या चिकाने खाज सुटते. ग्लिसरीन गुलाबपाण्यात मिसळून, ओल्या अंगाला, आणि वरून तेल. कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन त्वचेच्या आतलंच पाणी ओढतं. मोहरीचं तेल झोंबतं, फुटलेल्या कातडीला नकोच. कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावं. पाणी भरपूर प्यावं, पण तेवढ्याने नडगी सुधारते असं मला दिसलं नाही. आणि व्हॅसलिन. ते खनिज तेलातून येतं, १८७२ सालचं पेटंट आहे त्याचं, नैसर्गिक म्हणता येणार नाही. तरी पाणी आत धरून ठेवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही, आणि ज्याला गावाकडून कोकमतेल येत नाही त्याने ते बिनदिक्कत वापरावं. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर घरी काही करत न बसता डॉक्टर गाठावा.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींनी एकदा मला आईचे पाय चोळताना पाहिलं आणि दारातूनच विचारलं, "ताई, ते हाताला चालतं का?" त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या सगळ्या पेरांवर चिरा, अंगठ्याच्या टोकाला काळी पडलेली भेग, तळव्याची कातडी कागदासारखी. पाच घरची भांडी, पावडर, तारेची घासणी. मी त्यांना अर्धा गोळा दिला. महिनाभर रोज रात्री लावून चिरा थोड्या भरायच्या आणि सकाळी पहिल्या घरात परत उघडायच्या. तेल लावून काय होणार, रोज सकाळी तो चुना कुणीतरी खरवडतंय. आमच्या घरी पावडर बंद करून सौम्य लिक्विड आणलं, हातमोजे आणले. पण पाचातल्या एका घराने बदलून भागत नाही. मग मी इमारतीतल्या उरलेल्या चारही घरी जाऊन बोलले. दोघींनी लगेच ऐकलं, एकीने महिन्याने. एका घरी अजून पावडरच आहे. मावशींचा उजवा अंगठा अजून पूर्ण भरलेला नाही.

जानेवारी संपत आला तेव्हा डब्यात कोकमतेलाचा शेवटचा तुकडा उरला, सुपारीएवढा. मी वहिनीला फोन लावला. रातांबे एप्रिल-मेमध्ये येणार, बिया वाळायला पुढे काही दिवस, म्हणजे जूनच्या तोंडावर गोळे मिळतील. तोवर गेल्या वर्षीचे दोन आहेत ते ओळखीच्या माणसाबरोबर गाडीने पाठवते म्हणाली. आईने फोन मागून घेतला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने सांगितलं, "यंदा गोळे वायच मोठे वळ गो." मग माझ्याकडे बघून फोनवर हात ठेवला आणि विचारलं, मावशींचे किती सांगू?